सखूचे हात

३ फेब्रु. १९४१, शिरड
सखू आज आली नाही. माझ्या ओसरीवर बाकीची तीन मुकी-बहिरी लेकरं खुणा शिकत बसलेली, हिचीच जागा रिकामी. तिच्या घरी गेले तर पोरीचे दोन्ही हात चिंधीनं बांधलेले!

बाप माणिकराव, मला ऐकू येत नाही म्हणून ओठ सावकाश हलवत, "नवस हाय, आक्का. शिवरात्रीला औंढ्याच्या देवळात शंखातलं पाणी पाजनार. तवर हात बंद. हातानंच बोलून राहिली तर वाचा काहून फुटंल?"

लहानपणी तापात माझे कान गेले तेव्हा आईनंही काय काय पाजलं. आले का कान?

५ फेब्रु.
माझा भाऊ, दादा, मास्तर आहे. त्याच्या शाळेत तपासणीला मोठे साहेब आलेले. दादानं माझी लेकरं दाखवली, त्यांच्यासाठी एक खोली मागितली. साहेब हसले. नंतर दादानं खुणांनी सांगितलं, साहेब म्हणाले, या माकडचेष्टा. हात बंद करा, आपोआप बोलतील.

म्हणजे शिकलेला साहेब अन् अडाणी माणिकराव एकाच माळेचे मणी. दादा म्हणतो, सबुरीनं घे. घेते सबुरी! डोकं नुसतं भणभणतंय.

९ फेब्रु.
पुन्हा सखूकडं गेले. तिची आई तिला घास भरवत होती. एवढी घोडी झालेली पोर, अन्... मला बघून सखूनं बांधलेले हात वर केले. मी ओरडले. माझा आवाज फाटका, शेजारच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. हसा मेल्यांनो.

१३ फेब्रु.
सकाळीच माणिकराव दारात. सखू तापानं फणफणलीय, रडते, कुठं दुखतंय कळेना. "तुमी इचारा न तिला."

गेले. म्हटलं, आधी हात सोडा.

"नवस मोडंल, आक्का."

"मग शंखालाच विचार, कुठं दुखतंय!"

शेवटी आईच पुढं झाली, गाठ सोडली. मनगटं लालबुंद. सखूनं बोटं झटकली, दाढ दाखवली. हिरडी टम्म सुजलेली. एवढंच होतं सांगायचं, अन् दोन दिवस पोर तळमळली. संताप संताप झाला.

आईनं लवंग दिली. मग सखूनं बापाकडं बोट करून मला विचारलं, बरं वाटलं की पुन्हा बांधणार?

मी तिचा सवाल मोठ्यांदा त्याच्या तोंडावर टाकला. तो भिंतीकडं वळला, गाल हलला, काहीतरी बोलला. ओठ दिसले नाहीत. आई पदर डोळ्यांना लावून.

सखू माझा हात हलवून विचारत होती, काय म्हणाला?