बाबांची जड बंदूक

प्रिय बाबा,

खांदा कसा आहे? आई रोज शेकून देते ना?

इथे नदीकाठच्या शिकारीच्या तळावर सगळं छान आहे. रागावू नका, पण तुमची तीनशे अडतीस मॅग्नम बंदूक तंबूतच पडून आहे. तिच्या धक्क्याच्या धास्तीने माझे डोळे आधीच मिटायचे आणि गोळी भलतीकडेच जायची. डेल्फीनआत्या म्हणाली, "मूसला गोळीने मारायचंय की आवाजाने? तुझ्या बापाचा खांदा हिनेच खाल्लाय." मग तिने स्वतःची हलकी तीनशे आठची बंदूक मला दिली.

काल हरणांतला सगळ्यात मोठा, घोड्याहून थोराड मूस पाण्यात उतरण्याआधी क्षणभर थांबला. मी डोळे उघडे ठेवले. एकाच गोळीत तो काठावरच पडला; पाण्यातून ओढायला नको, म्हणून आत्या चिखलात नाचली.

माझी पहिलीच शिकार, म्हणून आपल्या रिवाजाप्रमाणे सगळं मांस गावातल्या म्हाताऱ्यांना वाटलं. मी डब्यातले मासे खाल्ले, तेही हसत हसत. मूसचं नाक तेवढं, तुमच्या आवडीचं, विमानाने पाठवतेय. आईला म्हणावं, मंद आचेवर शिजव.

आत्याचा निरोप आहे: "त्याला सांग, मूसला दोन बंदुकांतला फरक कळला नाही. खांद्याला कळेल."

तुमची, आता शिकारी झालेली,
लोर्ना