राणीछाप रुपयाची चपटी रेघ

३ फेब्रु., अहेरी
नवं भिंग आलं. शेजारच्या सखूमावशीचा राणीछाप रुपया माझ्याकडेच आहे, व्यापाऱ्यासाठी फोटो काढायला. सहज भिंगाखाली धरला. अक्षरांमागची दुसरी रेघ चपटी आहे. पायरीसारखी, दबलेली, अक्षराचीच जाडी खाणारी. ठसा बनवतानाच दुहेरी झाला असता तर तीही उंच, गोल असती, टोकाला खाच असती. हा नुसता छापताना हललाय. किंमत साध्या रुपयाचीच.
आणि मावशीकडे असलेल्या नाण्याच्या पाकिटावर माझ्या अक्षरात: 'ठसा दुहेरी. दुर्मिळ.' खाली सही.

४ फेब्रु.
बाबांना दाखवलं. नाणी मला त्यांनीच शिकवली, दुसरीत असल्यापासून.
"दोन रेघा दिसल्या ना? मंग? काऊन जीव खाऊन राह्यली?"
भिंग दिलं. बराच वेळ बघत होते. मग कपाटातून स्वतःचा डबा काढला. दुहेरी म्हणून जपलेली नऊ नाणी. सात चपटी. एक झिजलेल्या ठशाचं, अक्षरं सुजलेली. नववं पाहिलंच नाही. जेवले नाहीत.

५ फेब्रु.
सकाळीच मावशीकडे. तिचा गळा मोकळा! सासूनं घातलेली रुपयांची माळ, पुढच्या महिन्यात नव्या सुनेच्या गळ्यात जायची. मला वाटलं, एकच रुपया सुटा केला.
"एक असा निंघाला त बाकीचेबी असतीनच."
सोनाराकडून सगळ्या कड्या तोडून आणल्या. वर कड्यांच्या जोडाचे डाग घासून गुळगुळीत. "साफ दिसाले पाह्यजे ना त्याले." घासलेलं नाणं कोण घेतो, हे तिला कोणी सांगायचं? मी. सांगितलंच नव्हतं. पदरात अकरा चकचकीत रुपये, बारावा माझ्या मुठीत.
सगळं सांगितलं. चूक माझी, हेही. आधी हसली. मग,
"व्यापाऱ्यानं किती देल्ले तुले, असं सांगाले?"
सखूमावशी. मला. अजून खरं वाटत नाही.

६ फेब्रु.
बाबा म्हणाले, "मी जातो. शिकवण माही होती." म्हटलं, सही माझी. मीच मावशीकडे पाकीट परत मागायला गेले. दिलं नाही.
"लिवलं ते खोटं का बोलली ते खोटं? एक ठरव, पोरी."
पाकिटाचा फोटो तिनं भाच्याकडून व्यापाऱ्याला पाठवलाय. त्याचं उत्तर मला वाचायला लावलं: ताईंची सही आहे ना, मग जास्त बघायची गरज नाही. उद्या वडशाहून येतो.
निघताना म्हणाली, "तूबी ये. नुसती बस. काई बोलू नको."
जाणार आहे. त्यानं मलाच विचारलं तर? भिंग पिशवीत टाकलंय.