एक मणी बदलला म्हणून

मंगळवार, सांजची येळ, सेनगाव

नातीनं आज तिचं कम्प्युटरचं काम दाखवलं. रक्तातल्या प्रोटीनची म्हणं, मण्यांसारखी माळ, गुंडाळलेली. कोणता मणी कोणाला चिकटतो, एवढंच बघून राहिली पोरगी. तिच्या भावाला सिकलसेल, रक्ताचा आजार. एक मणी बदलला म्हणून माळंला माळ चिकटती, अन् लेकराचे पाय ठणकतात. एवढासा मणी!

"आई, अशी बदललेली एक माळ तुझ्याकडून आली, एक बाबाकडून," ती माझ्या सुनेला म्हणली.

लेकराच्या दुखण्यावरून गल्लीतल्या बाया सुनेलाच पांढऱ्या पायाची म्हणायच्या. त्यांच्या तोंडाला काय, कुलूप थोडंच हाये. मी माझ्या पोराला, नातीच्या बापाला म्हणलं, "ऐकलं का? तुझा बी बराबर वाटा हाये."

"व्हय, माय."

नातीचे लई उपकार झाले. सून आज लई दिसांनी पोटभर जेवली.