परत गेलेला कप

महाळुंगे, १२ जानेवारी २०२६

ती. रुक्मिणीवहिनींस, अर्जुनचा शि. सा. न. वि. वि.

नवा गुडघा काय म्हणतो? काल तुम्ही यायला हव्या होतात. करिष्माच्या होणाऱ्या सासरच्यांनी सांगवीत गच्चीवर दुपारच्या चहाचा असा थाट मांडला होता की मी बूट दोनदा पुसले. पांढरे टेबलक्लॉथ, तीन मजली ताटल्या, काकडीची नखाएवढी सँडविचं आणि सोनेरी काठाचे कप, इतके पातळ की उन्हाला धरले तर पलीकडचं बोट दिसावं. आयुष स्वतः वाढत होता. पोरगा गुणी आहे. मी केक हाताने उचलला म्हणून तुमच्या लेकीने टेबलाखालून पाय मारला. मग आयुषच्या आजीने, भिमाबाईंनीही हातानेच उचलला आणि आमची दोघांची अब्रू वाचली.

दादाच्या जागी मी बसलो होतो, म्हणून पहिला मान मला. भिमाबाईंनी किटलीतून स्वतः माझा कप भरला. तेवढ्यात कुठेतरी कपावर चमचा वाजला. दोनदा. दादा वाजवायचा तसा. मागे वळून पाहिलं, तर नुसता कठडा. माझा हात काही कपापर्यंत गेला नाही. नेहमीसारखं सांगितलं, आत्ताच घेऊन आलो.

वाऱ्याने काही वाजलं असेल. माझे कान तुम्हाला माहीतच आहेत, कारखान्याच्या केबिनमध्ये बसून कुठल्या मशीनचा साचा, म्हणजे डाय, झिजला ते सांगतात. बाकी सगळं छान पार पडलं. लोभ आहेच, गुडघ्याच्या रागापायी तो कमी करू नये.

आपला, अर्जुन


थेरगाव, १५ जानेवारी

चि. अर्जुनभाऊजींस, अ. उ. आ.

छान पार पडलं असं कसं लिहिलंत? काल आयुष येऊन मान खाली घालून बसला. भिमाबाई घरात कुणाशी बोलत नाहीत. एवढंच म्हणाल्या, “भरलेला कप परत आला.” त्या लहान होत्या तेव्हा गावात त्यांच्या हातचं पाणी कुणी घेत नसे. आपण मराठे, ते बौद्ध. पोरीचा चुलता विकतचा केक खातो आणि त्यांच्या हातचा चहा तेवढा बाजूला सारतो. त्यांनी काय समजायचं? आजीचं मन मोडून लग्न करणार नाही म्हणतो आयुष. करिष्मा दोन दिवस धड जेवलेली नाही.

तुमच्या मनात तसलं काही नाही, हे मी जाणते. हे गेल्यापासून सव्वीस वर्षांत तुम्ही माझ्याही घरी चहा घेतलेला नाही. दर वेळी आत्ताच घेऊन आलो. का, ते आता लिहा. फोन करू नका, फोनवर तुम्ही सगळं हसण्यावारी नेता.

चमचा करिष्माने वाजवला असेल. ह्यांची सवय मी उचलली, माझी तिने.

उत्तराची वाट पाहते. तोवर माया राखून ठेवली आहे.

वहिनी


महाळुंगे, १७ जानेवारी

ती. वहिनींस, शि. सा. न.

तीन कागद फाडले, हा चौथा.

भोसरीच्या त्या कारखान्यात पत्रा कापणाऱ्या प्रेस मशीनांच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नसे. चारचा चहा आला की आपल्याला सोडवायला येणारा पान्याने मशीनच्या खांबावर दोनदा ठोकायचा. म्हणजे, तू जा, मी हाय. दादाने तेच घरी कपावर आणलं.

त्या दिवशी मशीन माझं होतं. सकाळपासून क्लचमधून बारीकसा आवाज येत होता, मी ऐकला होता. दादाचे कान मशीनांनी आधीच नेले होते, त्याला तो ऐकू येणार नव्हता. त्याने दोनदा ठोकलं. चहा गार होईल म्हणून मी काही न सांगता गेलो. माझा अर्धा ग्लास झाला असेल, दादा डाय पुसायला मशीनखाली वाकला आणि वरचा भाग आपोआप त्याच्यावर आला.

तेव्हापासून चहा समोर आला की मला ते ठोकणं ऐकू येतं. तुमचं दार बंद होईल म्हणून गप्प राहिलो. आता पोरीचं जमलेलं मोडतंय, म्हणून लिहितो. भिमाबाईंना हे वाचून दाखवा. माझं काय करायचं ते मग तुम्ही ठरवा.

लोभ मागायला तोंड नाही.

अर्जुन


थेरगाव, २० जानेवारी

चि. भाऊजींस, अ. उ. आ.

मला ठाऊक होतं. दवाखान्यात त्या तीन दिवसांत हे मधूनमधून शुद्धीवर यायचे. एकदा म्हणाले, “अर्जुनला आवाज आला असणार. त्याला कधी इचारू नको.” म्हणून विचारलं नाही. पण राग नव्हता असं नाही. पहिली काही वर्षं तुम्ही दारात आलात की मी मुद्दाम चहा विचारायची. बघायची, कसा घेता ते. पुढे राग गेला, विचारायची सवय राहिली.

भिमाबाईंना बोलावून पत्र वाचून दाखवलं. त्यांचे यजमानही तसल्याच प्रेसवर कामाला होते, उजव्या हाताची दोन बोटं तिथेच राहिली. मग म्हणाल्या, “त्यास्नी म्हणावं, तो कप मी दुसऱ्या कुणाला दिला न्हाई. रविवारी चारला या.”

आणखी एक. करिष्मा म्हणते, त्या दिवशी तिने चमच्याला हातच लावला नव्हता. मी पुढे काही विचारलं नाही.

जाल ना? माया होती तशीच आहे.

वहिनी


महाळुंगे, २६ जानेवारी

ती. वहिनींस, शि. सा. न. वि. वि.

काल गेलो. तीच गच्ची, तोच कप. भिमाबाईंनी किटली उचलली. करिष्मा आणि आयुष माझ्याकडे न बघण्याचं नाटक करत होते. मी कान देऊन बसलो. खालचे हॉर्न, लिफ्टचं दार, भिमाबाईंच्या बांगड्या, सगळं ऐकू आलं. तेवढं एक नाही. कप भरला, वाफ निघून गेली, तरी नाही. सव्वीस वर्षं ज्याला भ्यालो ते वाजत नाही म्हटल्यावर मला बसवेना.

मग मीच चमचा उचलला, कपावर दोनदा वाजवला आणि चहा प्यायलो.

लग्नाची तारीख भिमाबाई तुम्हाला कळवतील. या रविवारी मी थेरगावला येतो. या वेळी विचारू नका, आधणच ठेवा.

आपला, अर्जुन