हिरव्या पेडलची नक्कल

शिरूर, गुरुवार

प्रिय सुमित,

सप्रेम जयभीम. तुझं पेडल तयार झालं, आता तरी माझा पिच्छा सोड. आमच्या सम्राटदादाच्या गिटारला होता तोच आवाज पाहिजे, दुसरा चालायचा नाही, असा हट्ट धरून बसला होतास. तो भरदार, किंचित फाटलेला आवाज दादाच्या बोटांत होता की पायाने दाबायच्या त्या हिरव्या डबीत, हे मला तरी कुठं ठाऊक? जुनी जपानी डबी ती, आता तशी मिळत नाही. म्हटलं, तिच्यावरून दुसरी करू. रांजणगावला कंपनीत दिवसभर परक्यांचे बोर्ड सोल्डर करते, एक आपल्या माणसासाठी केला तर काय बिघडलं! चिप आणि डायोड पुण्याला पासोड्या विठोबाजवळच्या दुकानातून आणले. डबा मात्र आईचा, मोहरीचा. त्याला भोकं पाडताना तिने पाहिलं, आणि दोन दिवस माझ्याशी अबोला धरला.

नक्कल करायची तर मूळ उघडायला हवं. दादा जाऊन दोन वर्षं झाली, त्याची पिशवी मी हातात घेतली नव्हती. घेतली, रडले, मग स्क्रू काढले. आतलं सगळं जिथल्या तिथं होतं. फक्त एका कडेची तांब्याची पट्टी जळून काळी पडली होती, बोर्डापासून उचकटून वर आली होती. सगळ्या जोडांची परतीची वाट असते ना, ती पट्टी. कंपनीत असे बोर्ड आम्ही लाल खूण करून बाजूला टाकतो. माझ्या बोर्डावर मी ती जागा नव्या तांब्याने काढली आणि पुढं गेले, पण ती पट्टी काही डोक्यातून जाईना. नऊ व्होल्टची चिमुकली बॅटरी. तिच्यात एवढा जाळ कुठून येणार?

रविवारी शेजारच्या राजश्रीच्या दिराची गिटार आणि सेलवरचा छोटा स्पीकर आणून वाजवून पाहिलं. मला दोनच सूर येतात, तुला माहीतच आहे. पण आवाज असा आला की माझेच हात थांबले. आई भाकरी थापत होती. तिने गॅस बंद केला, पिठाच्या हातांनीच बाहेर येऊन उंबऱ्यात बसली आणि म्हणाली, “बंद कर गं बाई, मला न्हाई ऐकवत.” अबोला सुटला तो असा. वस्तीत लोक अजून म्हणतात, पोरगा पिऊन स्टेजवर चढला म्हणून गेला. दादा थेंबाला शिवत नव्हता हे मला माहीत आहे, तुला माहीत आहे. आई मात्र आता खात्रीने सांगू शकत नाही.

तुझा काल फोन आला तेव्हा तू आपल्या गायन पार्टीचं लाइट-साउंड बघणाऱ्या हौसरावमामांच्या टेम्पोत होतास, नेहमीसारखा स्पीकर चालू ठेवून. दादाचा जुना व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर नवा फ्यूज टाकून सुरू केला म्हणून किती खुशीत होतास! म्हणालास, गाताना ओठ लागला की माईक जरा चावतो, बाकी झकास. मामा मागून हसले, “आरं, तेवढं चावायचंच, रबरी चप्पल घालून गात जा.” मीही हसले. फोन ठेवला आणि मला दोन वर्षांपूर्वीच्या भीमजयंतीची ती संध्याकाळ आठवली. ॲम्पमधून सारखी येणारी घुंग थांबत नव्हती. मामांनी पकडीने प्लगची मोठी पिन उपटली. “आर्थिंग काढली का घुंग जाती, धा वर्सं करतोय.” घुंग गेली. आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

धूळ बसावी म्हणून तेव्हा मैदानावर आणि स्टेजच्या सतरंजीवरही पाणी मारलं होतं. स्टेजवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा, म्हणून दादाने चपला खाली काढल्या. तू, मी, सगळ्यांनीच काढल्या. दुसऱ्या कडव्याला तो माईकजवळ वाकला तो तसाच स्टँडवर कोसळला, गिटारच्या तारा स्टँडला लागल्या आणि दिवे गेले. आपण सगळे जनरेटरकडे धावलो. दादाकडे कोणी धावलं नाही, सुमित, कारण अंधारात तो पडलेला दिसलाच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. ते खरंच आहे.

ते का बंद पडलं, हे मला त्या जळक्या पट्टीने सांगितलं, आणि ते तुला सांगायला हे पत्र लिहितेय. त्या ॲम्पमधून करंट बाहेरच्या पत्र्यावर उतरतो. त्याला जमिनीत नेणारी वाट त्या पिनेबरोबर गेली, म्हणून तो वायरीतून, पेडलच्या त्या पट्टीतून तारांवर येतो आणि माणसातून वाट काढतो; तारा स्टँडला लागल्या तेव्हा पट्टी त्यानेच जाळली. तुला आजवर फक्त चावला तो तुझ्या पायात चप्पल होती म्हणून. येत्या रविवारी राहू गावच्या कार्यक्रमात तू ती स्टेजखाली काढणार आहेस. तो ॲम्प लावू नकोस. तसाच शिरूरला घेऊन ये, मी उघडते. पुन्हा फोन करून सांगितलं असतं तर तुझ्या स्पीकरवर मामांनी ऐकलं असतं. सरणाजवळ सगळ्यांत जास्त तेच रडले होते, त्यांना हे मी समोर बसून सांगेन. म्हणून राजश्री माहेरी, तुमच्या राहूला निघालीय, तिच्या हाती हे देतेय. पेडल देत नाही. रागाव, पार्टीत माझं नाव काढू नकोस, चालेल. दादाचा आवाज हुबेहूब जमलाय आणि मला त्याची धडकी भरलीय. मला तू जिवंत पाहिजेस. हे एखाद्या बऱ्या दिवशी, लाजत लाजत सांगायचं ठरवलं होतं.

तुझीच,
करुणा