एक जूनची मुलगी

अण्णा, या वयात पासपोर्ट काढायला निघाले आहे. तुमची नात परदेशात आहे, तिला दिवस गेलेत आणि बाळंतपणाला आई हवी म्हणून ती रोज फोनवर रडते. मागच्या आठवड्यात लातूरला पोस्टातल्या पासपोर्टच्या खिडकीवर जाऊन आले. बरोबर तुमचा लाडका लेक होता. त्याला दुबई बघायची आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण त्या खिडकीसमोर उभी असताना वाटलं की तुमच्याशी एक भांडण राहूनच गेलं. तेच लिहायला बसले आहे.

खिडकीमागचा साहेब आपल्याच भागातला, तिशीतला असेल. कागद चाळत त्यानं विचारलं, "मावशी, जन्मतारीख?" मी म्हटलं, "एक जून." तो हसला. "मी बी एक जूनचाच. आमच्या हापिसात निम्मे एक जूनचेच हायेत." मग माझा शाळेचा दाखला उजेडाकडं धरून म्हणाला, "अक्षर लई देखणं हाय. कोन होते हेडमास्तर?" मी म्हटलं, "माझे वडील." तो थबकला. "वडील? अन् तारीख एक जून?" त्याला वाईट काही म्हणायचं नव्हतं. पण इतकी वर्षं मी जे स्वतःलाच विचारत आले, ते त्यानं चार माणसांत विचारलं.

गावातल्या पोरांचं मी समजू शकते. जळकोटच्या बाजूचं ते आपलं गाव, जूनमध्ये शाळा उघडायची आणि आया लेकरांना तुमच्या टेबलापुढं उभं करायच्या. "कवा झालं ध्यानात न्हाई गुरुजी, ज्वारी काढायला आली व्हती बगा." तुम्ही पोराला उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावायला सांगायचात. हात कानाला पोचला की सहा वर्षं पूर्ण, आणि जन्मतारीख एक जून. त्यात तुमचं काही चुकलं नाही. माझ्या वेळी मात्र मी तशीच डोक्यावरून हात टाकून उभी आहे, बोटं कानाच्या बरीच वर अडकली आहेत, मी मान वाकडी करून बघते आहे आणि तुम्ही हसून म्हणताय, "पोचंल पोचंल, दिवाळीपर्यंत पोचंल." आणि लिहून टाकता. घरी तुम्ही मला शाळेच्या नादी लावलं होतं, मला थांबायचं नव्हतं, हे सगळं मला कळतं. पण खरी तारीख तुम्हाला ठाऊक असती तर ती लिहिताना तुमचा हात क्षणभर तरी अडखळला असता. तो अडखळला नाही. आईला विचारलं तर ती एवढंच सांगायची, "हरभऱ्याचे घाटे भरले व्हते. तुझे अण्णा बैठकीला गेलते."

आणि तुमच्या लाडक्या लेकाच्या वेळी? आईला नांदेडच्या दवाखान्यात ठेवलं. तुम्ही रजा टाकली. बाहेर बसून घड्याळात बघून वेळ टिपून घेतली, पुढं नगरपालिकेत खेटे घालून दाखला आणला. दर वर्षी त्याच्या तारखेला जिलबी यायची. मी एकदा माझ्या वाढदिवसाचं विचारलं तर म्हणालात, "तुझा वाढदिवस अख्ख्या शाळेचा. एवढी पंगत आपल्याला झेपायची न्हाई." सगळे हसले, मीसुद्धा हसले. पुढं मी नर्स झाले, खेड्यापाड्यांतल्या किती बाळांची वेळ घड्याळ बघून लिहिली. प्रत्येक वेळी मला त्या बाळाचा हेवा वाटायचा, अण्णा. टॅहां केलं नाही तोच त्याचा वार, तारीख, वेळ, सगळं त्याच्या नावावर.

त्या दिवशी माझ्यानंतर याची पाळी आली. यानं तारीख सांगितली ती वारासकट, वर, "आपली पक्की नोंद हाय साहेब, वडील सोता जाऊन करून आलते." साहेबानं कुतूहलानं माझ्याकडं बघितलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "माझ्या वेळी वडलांची शाई संपली होती." साहेब हसला. हा नाही हसला.

बाहेर चहाच्या गाड्यावर तो म्हणाला, "अक्का, तुला अजून ते टोचून राहिलंय? तू चार वर्षं अण्णांच्या वर्गात बसलीस. त्यांचं बोट धरून शाळंत गेलीस, बोट धरून घरी आलीस. मला चौथीतच नांदेडच्या बोर्डिंगात टाकलं. भेटायला यायचे ते वर्षातून त्या एका तारखेला, जिलबी घिऊन." ते ऐकून मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, चांगलं गार वाटलं. पण चहा संपायच्या आत पुन्हा पोटात दुखायला लागलं, कारण तुम्ही त्या तारखेला एसटीचे धक्के खात नांदेडपर्यंत जात होतात. माझी तारीख असती तर तुम्हाला नुसतं ओसरीवरून आत यायचं होतं.

पोलीस घरी येऊन चौकशी करून गेला आहे, पासपोर्ट येईल. त्यावर तुम्ही लिहिलेली तारीखच छापलेली असेल. हे पत्र कुठल्या पोस्टात टाकायचं ते मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी टाकलं नसतं, कारण शेवटचं एक सांगायचं आहे आणि ते आजीच्या तोंडी शोभत नाही. काल मुलीचा फोन आला. तिकडच्या डॉक्टरणीनं तपासून बाळाची तारीख सांगितली, ती तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरात लाल गोल करून ठेवली, जावयानं रजा घातली. मी तिला "देव पावला" म्हटलं आणि फोन ठेवला. अण्णा, ते लेकरू अजून जन्मलंही नाही, आणि मी त्याच्यावरही जळते आहे.