नवरदेवाशिवाय निघालेली वरात

॥ श्री दत्त प्रसन्न ॥

तीर्थस्वरूप जसोदाअक्कांच्या चरणी धाकट्या भावजयीचा, म्हणजे मीनाचा, नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला गेला की अजून घरीच मुक्कामाला आहे? फोन असताना पत्र का, असं विचाराल. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून. पत्राला मध्येच ‘ते ऱ्हाऊ दे’ म्हणता येत नाही. आणि लिहिणं पत्रिकेसारखं वाटलं तर हसू नका. मी अक्षरं शिकले ती लग्नपत्रिकांवरून (बँडवाल्याच्या घरात दुसरं वाचायला काय येतं?), त्यामुळे मला ‘चि.’ आणि ‘सौ. कां.’ आधी आलं, ‘क’ आणि ‘ख’ मागाहून.

बातमी अशी की तुमच्या भावाच्या भिकन ब्रास बँडचा सारंगखेड्याच्या यात्रेत पहिला नंबर आला, आणि पुढे उभं राहून ट्रम्पेट मी वाजवलं. खाली बसला असाल तर बसूनच राहा, पुढे अजून आहे.

तुमचे भाऊ गेल्यापासून त्यांची जागा रिकामी होती. ट्रम्पेट त्यांनीच मला शिकवलं होतं, थट्टेथट्टेत. चूल फुंकणाऱ्या बाईचा दम बँडमधल्या कोणाहीपेक्षा जास्त, असं ते म्हणायचे. ते गेल्यावर मी केळीच्या बागेत जाऊन वाजवू लागले. घरात वाजवलं की शेजारीण खिडकी लावायची, केळी काही बोलत नाहीत. पण लग्नात मला पुढे कोण उभं करणार? नवरदेवाच्या वाटेत विधवा, म्हणजे मांजर आडवं जाण्याच्याही वरचं. शेवटी हेमकांतने (त्यांचा जोडीदार, साइड ड्रमवाला, तुम्ही त्याला ओळखता, जेवायला बसला की उठत नाही तो) तोड काढली. यात्रेत यंदा बँडची स्पर्धा होती, आणि स्पर्धेत नवरदेव नसतो. तिथे मी वाजवायचं. पहिला नंबर आला तर लग्नातही पुढे मीच. नाही आला तर ट्रम्पेट भाड्याच्या माणसाच्या हातात द्यायचं आणि मी पुन्हा विषय काढायचा नाही. मी हो म्हटलं. घरी आले आणि त्यांच्या लाल कोटाच्या बाह्या माझ्या मापाने कापल्या. दुमडता आल्या असत्या, पण तो कोट आता दुसऱ्या कोणाला घालायचा नाही.

स्पर्धेचा नियम सोपा होता. वाजवत मैदानाला एक फेरी घालायची, रांग मोडायची नाही, शेवटी परीक्षकांसमोर सलामी द्यायची. आमच्या आधी सुरतेकडचा एक बँड झाला. पांढरे बूट, सगळे एकदम उचलत, एकदम टेकवत. आमच्या झांजवाल्याने ते पाहिलं आणि त्याला तहान लागली ती लागलीच.

आमचा नंबर आला. आम्ही झोकात निघालो, थोडं चाललो आणि उभे राहिलो. अक्का, आधी मीच थांबले. तुम्ही बँडवाल्याच्या घरच्या, तुम्हाला कळेल. बँडवाला चालतो पुढे, पण त्याचं ध्यान मागे असतं. घोडी थांबली की थांबायचं, नाचणारे दमले की सूर खाली घ्यायचा, घोडी निघाली की निघायचं. जन्मभर असंच चाललेली माणसं, मागे कोणी नसताना चालायचं कसं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. पुन्हा निघालो, पुन्हा थांबलो, सगळ्यांनी मिळून मागे वळून पाहिलं. लोक हसायला लागले. हेमकांत दातओठ खात म्हणाला, “वहिनी, कोनी वाट देखी ऱ्हायनी? मांगे कोणीच नही शे.” भीकमचंद शेठ (कापड दुकानवाले, स्पर्धेचे अध्यक्ष) माइकवरून म्हणाले, “बँडवाले, आगे चलो. ही बारात नाही आहे.”

पण मैदानाच्या कडेला घोडेबाजार होता, आणि तिथे करणसिंगने आपली चांदणी घोडी विकायला बांधली होती. तीच, गावातल्या निम्म्या नवरदेवांना मिरवलेली. कितीतरी वर्षं ती तुमच्या भावाच्या ट्रम्पेटमागे चालली. तिने आमचा बँड ऐकला आणि खुंटी उपटली. खुंटी फरफटवत ती दोरीखालून मैदानात आली, आमच्या मागे आपल्या नेहमीच्या जागेवर उभी राहिली आणि मान हलवली, म्हणजे चला. आणि आम्ही चाललो. काय चाललो म्हणून सांगू. झांजवाल्याची तहान गेली, ढोल एका जिवाचे झाले. करणसिंग लाल फेटा सावरत, शिव्या देत मागून धावत होता, तोही लोकांना बँडपैकीच वाटला.

परीक्षकांसमोर आलो. तुमचे भाऊ मांडवाच्या दारात एक वरचा सूर लांब धरायचे, आणि तो चालू असेपर्यंत चांदणी मागच्या पायांवर उभी राहायची. तो सूर माझ्याकडून बागेत दर वेळी तुटत आला होता, म्हणून सलामीला आम्ही साधी चाल बसवली होती. पण चांदणीने एक पाय उचलला आणि ती वाट पाहत राहिली. ते नाहीत हे तिला कोण सांगणार? मला सांगवलं नाही. हेमकांत हळूच म्हणाला, “धर, वहिनी.” मी धरला. घोडी उभी राहिली. सूर तुटला नाही, अक्का. ती दमून खाली आली तरी मी थांबत नव्हते, हेमकांतने कोपर मारलं तेव्हा थांबले.

निकाल सांगताना परीक्षक म्हणाले, घोडीची योजना फार नवी होती, आणि सुरुवातीला थांबून थांबून उत्सुकता वाढवली तेही छान. शेठनी विचारलं, “मीनाबाई, ही आयडिया तुमची?” मी हो म्हटलं. करणसिंगकडे गिऱ्हाइकांची रीघ लागली. एकाने विचारलं, घोडीबरोबर ती ट्रम्पेटवाली बाई पण येते का? करणसिंगने घोडी विकलीच नाही.

सर्वांना यथायोग्य. गुडघ्यांना एरंडेल लावा.

तुमची,
मीना

ता. क. – दिनेशचं लग्न ठरल्याचं कळलं, फार आनंद झाला. तुमचा निरोपही मिळाला, की वरातीला बँड मामाचाच असू दे, मीना मात्र आत बायकांत बसेल. अक्का, मला आत बसायचं नाही. माझ्या भाच्याच्या पुढे मी वाजवणार. तेवढा होकार द्या, म्हणून हे सगळं लिहिलं.

ता. क. दुसरा – दिनेशला रागावू नका. मामी पुढे नसली तर घोडीवर बसणार नाही, पायी जाईन, असं तो म्हणतो. हे मी त्याला शिकवलेलं नाही (ट्रम्पेटची शपथ).

ता. क. तिसरा – होकार असेल तरच उत्तर पाठवा. दुसरं काही लिहिलंत तर टपालात गहाळ झालं असं समजेन, आणि कोट घालून येईन.